झेंडेमामा आणि पाडकाम

नदीवरचा जुना पूल इतका अरुंद होता की एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडावी लागत. या टोकाला झेंडेमामा उभे असत, त्या टोकाला त्यांचे साडू. दोघांकडे लाल-हिरवे झेंडे आणि फोन.

"सोडू का?"

"थांबा, एक टँकर येतोय."

चोवीस वर्षं दोघांचं एवढंच बोलणं.

मग शेजारी महामार्गाचा चौपदरी पूल झाला, जुन्याच्या तोंडाशी आडवे दगड पडले आणि मामा घरी बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायचं. सकाळपासून दार ते खिडकी येरझाऱ्या. भरल्या ताटावरूनही मध्येच उठत.

"पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणे. "बसा जरा."

मामा बसत, पण गुडघा हलत राही.

एकदा बसने ते साडूंकडे गेले. साडूंनी वेल्डिंगचं दुकान थाटलं होतं, मान वर करायला फुरसत नव्हती. मामा समोर बसले आणि दोघांना बोलायला विषयच सुचेना. दहा मिनिटांत मामा उठले.

आठवड्याने एक इंजिनिअर बाई घरी आल्या. जुना पूल पाडायचा होता आणि त्याचे नकाशे सापडत नव्हते.

"कुठला भाग कच्चा आहे, ते तुम्हालाच ठाऊक असणार."

आता हे बाईंना हाकलून देतात, असं बायकोला वाटलं. मामांनी चपला घातल्या.

"अहो, तुमचाच पूल ना तो?"

"म्हणून तर. कुणी भलतीकडे घाव घालायचा आणि खालच्या मजुरांच्या जिवावर बेतायचं."

तिसऱ्या कमानीवर यंत्र उभं करायचं ठरत होतं. मामा आडवे आले. "इथं नको. पुराने आतून पोखरलंय. गाडी गेली की आवाज बदलायचा."

बाईंनी हातोडीने ठोकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. यंत्र मागे घेतलं.

तीन महिने मामा धुळीने माखून घरी येत राहिले. शेवटची कमान पडली तेव्हा ते पाठ फिरवून उभे होते. बाईंनी विचारलं, "नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक पूल पाडायचाय. याल?"

मामांनी घरी न विचारताच हो म्हटलं.

"जा," बायको म्हणाली. "पण घरी आलात की ताटावरून उठायचं नाही."

मामा हसले आणि सवयीप्रमाणे उठून खिडकीशी गेले.