करंजी मागे घेता येत नाही

दिवाळीच्या तोंडावर थोरले दीर आणि जाऊबाई फराळाचे डबे घेऊन आले. माझा नवरा गेल्याला अजून वर्ष झालेलं नव्हतं, त्यामुळे यंदा आमच्या घरी तळण नाही. दुसऱ्यांनी आणून दिलेलं तेवढंच खायचं. चहा झाल्यावर दीर मुद्द्यावर आले.

"हे बघ, खाली ती करंजी पडून आहे. वर्षश्राद्धाच्या आत तिचं काहीतरी करून टाक. सोसायटीवाले मला फोन करतात. हडपसरला एकाला भुर्जीची गाडी लावायचीय, तो उचलून नेईल."

करंजी म्हणजे आमचा ट्रेलर. गाडीमागे जोडायचा, आत दोघांना जेमतेम झोपता येईल एवढी जागा, मागचं झाकण वर उचललं की छोटा ओटा. एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला निमुळता. परदेशात या आकाराला अश्रू म्हणतात, असं नवरा सांगायचा. विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत तो आला त्याच दिवशी कुणीतरी त्याला करंजी म्हटलं, आणि तेच राहिलं.

नवरा खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या मागच्या भिंतीवर असल्या ट्रेलरचा फोटो लावलेला असे. व्हिडिओ मीटिंगमध्ये याचं लक्ष त्या फोटोकडे. पुढे सुटीच्या दिवशी हडपसरच्या एका शेडमध्ये जाऊन त्याने प्लायवुड आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून तसाच बनवून घेतला. त्याच सुमाराला आम्ही मूल होण्यासाठीचे उपचार थांबवले होते. पुरे, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. ट्रेलर बघायला आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "पाळणा आणायच्या वयात डबा आणलाय."

नवऱ्याने झाकण उघडून दाखवलं. "दोघं मावतात, वहिनी. आम्ही तेवढेच आहोत."

पहिला लांबचा प्रवास बदामीचा ठरला. त्याआधी एका रविवारी खराडीतल्या रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही सराव केला. पुढे जाताना करंजी शहाण्यासारखी मागे यायची. रिव्हर्सला मात्र सगळं उलटं. ती डावीकडे जायला हवी असेल तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. त्याला जमेना, मला त्याहून जमेना. दरवेळी ती काटकोनात वळून गाडीकडे बघत उभी राहायची.

"मागे घ्यायचीच नाही," तो शेवटी म्हणाला. "जिथे मागे घ्यावी लागेल, तिथे जायचं नाही."

एवढ्या धोरणावर आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. निघताना दीर म्हणाले होते, "भिगवणपर्यंत जाल आणि परत याल."

भिगवण मागे पडल्यावर त्याने हॉर्न वाजवला. पुढे कुठेतरी जेवायला सावली शोधत आम्ही एका गावात शिरलो. गल्ली अरुंद होत गेली आणि शेवटी लग्नाचा मांडव आडवा आला. पुढे वाट नव्हती. दारात बसलेल्या आजींनी विचारलं, "काय इकाया आणलंय?"

"काही नाही, आजी," मी म्हटलं. "फिरायला निघालोय. रात्री यातच झोपायचं."

"म्हंजी घर घिऊन निघालाय?"

"हो."

"मग घरीच का न्हाई बसला?"

एरवी तो हसला असता. पण त्याने रिव्हर्स टाकला होता. करंजी वळली आणि तिचा फुगीर गाल भिंतीला घासला. पत्रा चेपला. मांडवातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. त्याने इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले.

"दादा बरोबर बोलला होता," तो म्हणाला. "इथून सुटलो की घरी जाऊ."

मी पुस्तकं वाचणारी बाई. चारचौघांत मला पत्ता विचारायचाही संकोच. पण ते वाक्य मला सहन झालं नाही. मी उतरले, वायर काढली, हुक सोडला आणि लोखंडी दांडा धरला. "उतर. हाताने फिरवू."

ती हलकीच होती, हे इतके दिवस आमच्या लक्षातच आलं नव्हतं. हातगाडी फिरवावी तशी आम्ही ती जागच्या जागी फिरवली आणि बाजूला घेतली. मग त्याने नुसती गाडी वळवून आणली, आम्ही पुन्हा हुक लावला. आजी म्हणाल्या, "आता कसं."

हमरस्त्यावर आल्यावर तो थांबला. "कुठे?"

"पुढे. पुण्याकडे वळलो तर तुझी वहिनी लागेल."

तेव्हा तो हसला, आणि हसणं ओसरेपर्यंत त्याला गाडी चालवता येईना. बदामीला तळ्याकाठी, लाल कड्यांसमोर झाकण उघडून मी पोहे केले. मीठ विसरले होते. त्याने दोनदा घेतले.

त्यानंतर खूप फिरलो. आम्ही मागे घ्यायला कधीच शिकलो नाही. अडलो की हुक सोडायचो. हॉस्पिटलातही शेवटी शेवटी त्याने विचारलं होतं, "करंजीत हवा भरलीस का?" मी हो म्हटलं, आणि मग जाऊन खरंच भरून आले.

दीर उत्तराची वाट बघत होते.

"जाऊबाई," मी विचारलं, "यंदा घरात करंजी करायची नाही, असंच ना?"

"नाहीच करायची. वर्षाच्या आत चालत नाही."

"ही आधीच केलेली आहे. आणि घरात नाही, पार्किंगमध्ये आहे."

कुणी हसलं नाही. मीही हसले नव्हते. दीर हळूच म्हणाले, "अगं, एकट्या बाईच्या जातीनं... मागे कोण घेणार ती?"

"कुणीच नाही."

पाडव्याच्या सकाळी मी खाली गेले. दोघांनी फिरवायची ती एकटीने फिरवताना कंबर धरली. मधे चाकाला वीट लावून दम खाल्ला. चेपलेला पत्रा त्याने कधी सरळ करू दिला नव्हता. आता हात ठेवायला तिथेच खळगा सापडला. हुक लावला. जाऊबाईंचा लाडवांचा डबा मागच्या ओट्यावर ठेवून झाकण लावलं.

सोसायटीचे चेअरमन गॅलरीत उभे होते. "मॅडम, नेताय वाटतं करंजी? बरं झालं."

"बदामीला नेतेय. परत आणणार आहे," मी म्हटलं. "जागेवर कुणाची स्कूटर लावू देऊ नका."