कुलूप नसलेल्या किल्ल्या

मुंबईच्या विमानतळावर मी तपासणीच्या कमानीतून गेले आणि यंत्र किंचाळलं. माझ्या कमरेला सासूबाईंचा चांदीचा छल्ला (किल्ल्या अडकवून कमरेला खोचायचा आकडा) होता. पुण्याचं घर माझ्या हाती देताना त्यांनी तो दिला होता. आता तो मृणालच्या, माझ्या मुलीच्या कमरेला लावायचा म्हणून मी अमेरिकेला निघाले होते. नायगारा वगैरे तोंडी लावायला.

बोस्टनजवळ श्रूजबरीला मृणालच्या घरी पोचल्या संध्याकाळीच मी छल्ला पुढे केला.

"आई, इथे घराला किल्लीच नाहीये. कोड टाकला की दार ओपन होतं."

खरंच होत होतं. छल्ला परत माझ्या कमरेला आला. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशीच्या पोळ्या तेवढ्या जाड झाल्या.

मी परतायच्या आदल्या दिवशी बर्फ पडला. मृणालने नायगारा कॅन्सल केला आणि मला जवळच्या म्युझियममध्ये नेलं. दारात पुन्हा किंचाळी. रखवालदाराने छल्ला हातात घेऊन काहीतरी विचारलं.

"याने काय उघडतं, विचारतोय," मृणाल म्हणाली.

"सध्या काही नाही." किल्ल्या पुण्यात शेजारणीकडे होत्या.

आत अँग्लो-सॅक्सन बायकांचे दागिने होते. ही इंग्लंडातली फार जुनी माणसं. खांद्यावर कपडा अडकवायचे ब्रोच, त्यांत लाल खडे, काशाच्या पिना, सगळं हिरवं पडलेलं. चिंचेने घासलं असतं तर बरंच निघालं असतं. कडेला किल्लीच्या आकाराच्या दोन लांब पट्ट्या होत्या. मृणाल पाटी वाचू लागली.

"आई, हे कमरेला लटकवायचे. शेप किल्लीचा, पण कुलूप कुठलंच नाही. घर हिच्या हातात आहे, एवढंच दाखवायला. एका बाईच्या थडग्यात सापडलंय, तिच्या कमरेपाशी."

"म्हणजे मुलीने घेतलं नाही वाटतं," मी म्हटलं.

मृणाल काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. नंतर कॅन्टीनमध्ये आम्ही टोमॅटोचं सार (ते त्याला सूप म्हणतात) घेतलं. त्यात मीठ नव्हतं. अर्धा वाडगा झाल्यावर तिने हात पुढे केला.

"दे यार, आई."

मी छल्ला काढून दिला. तिने तो जीन्सला खोचला आणि सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी बोस्टनच्या विमानतळावर मी कमानीतून गेले. यंत्र गप्प. शिपायाने पुढे जा अशी खूण केली, तरी मी तिथेच थांबले. मागचा माणूस "मॅम" म्हणाला तेव्हा पुढे झाले. कंबर हलकी वाटत होती. रडू आलं, ते मी बॅग उचलता उचलता उरकून घेतलं.