फौजदार, त्यांचा भाचा आणि एक सिनेमा

आमच्या शेजारच्या निवृत्त फौजदारांच्या बाजूला बसून गुन्हेगारीचा सिनेमा शांतपणे पाहिलेला माणूस अख्ख्या नारायण पेठेत सापडायचा नाही. तरी दर वेळी ते मलाच बरोबर न्यायचे. पडद्यावर खून पडला की सगळं थेटर श्वास रोखून बसे आणि फौजदार खणखणीत आवाजात विचारत, "पंचनाम्याआधी प्रेत हलवलंच कसं?" नायकाने नुसत्या हाताने पिस्तूल उचललं की ते कपाळावर हात मारून घेत. "गेले ठसे! आता हाच अडकणार." एकदा पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "आपला तपास पूर्ण होऊ द्या, मग आम्ही सिनेमा बघतो." फौजदार गंभीरपणे म्हणाले, "चालेल."

एका सिनेमात थोरला भाऊ पोलिसात होता, धाकटा खून करून घरी आला होता आणि आई त्याला धान्याच्या कोठीत लपवत होती. थेटरातल्या बायका डोळे पुसत होत्या. फौजदार म्हणाले, "आरोपीला आसरा दिला. आईवरही कलम लागतं." मध्यंतरात चहा पिताना मी विचारलं, "आणि तुमच्या घरचा असता तर?"

"घरच्यांसाठी कायद्याचं वेगळं पुस्तक छापलंय का?"

पुढच्याच उन्हाळ्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे पेपर वाचत बसलो होतो, तेवढ्यात वाघोलीचा त्यांचा सख्खा भाचा दारात येऊन उभा राहिला. शेताच्या बांधावरून भांडण झालं होतं आणि त्याने चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा घातला होता. चुलतभाऊ दवाखान्यात बेशुद्ध पडला होता. "आई म्हनली, मामाकडं जा, त्यो सांभाळंल."

फौजदार एकटेच राहत. त्यांनी उठून पोहे केले, भाच्यापुढे ठेवले आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिले. मग म्हणाले, "पोट भरलं? चल. गुन्हा वाघोलीचा आहे, हजर तिथंच व्हायचं." पोरगा रडायला लागला. त्यांनी त्याचं तोंड धुतलं, त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि चौकीवर नेलं. वकीलही त्यांनीच दिला. दर तारखेला डबा घेऊन कोर्टात हजर असत. चुलतभाऊ वाचला, पण भाच्याला शिक्षा झाली आणि बहिणीने फौजदारांशी बोलणं टाकलं.

तरी दर भाऊबीजेला ते वाघोलीला जात. दार उघडत नसे. साडी ओट्यावर ठेवून ते परत येत आणि एक-दोन दिवसांत ती साडी कुणाच्या तरी हाती पेठेत परत येई. "रंग आवडला नसेल," ते म्हणत आणि पुढच्या वर्षी दुसरा रंग घेत.

भाचा सुटून आला त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर होतो. दार त्यानेच उघडलं. "या मामा. आई बोलायची न्हाई, पण पाट मांडलाय."

बहीण तबक घेऊन आली. टिळा लावला, ओवाळलं, पण नजर खालीच. मग एकदम म्हणाली, "एक दिस तरी ठिवून घ्यायचा व्हतास त्याला."

फौजदार म्हणाले, "एक दिवस ठेवला असता, तर दुसऱ्या दिवशी मला नेववला नसता, ताई."

निरांजन मंद झालं होतं. तिने बोटाने वात पुढे सारली आणि भावाला पुन्हा एकदा ओवाळलं.