गिअरबॉक्स आणि दहा पावलं

भाव करण्यात चामोर्शीच्या बाजारात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीपासून जुन्या मोटारीपर्यंत माझे नियम ठरलेले. वस्तू आवडली तरी तोंड कडू ठेवायचं. गरज दाखवायची नाही. आणि शेवटचा नियम हुकमी: उठून चालू लागायचं. दहा पावलं व्हायच्या आत मागून हाक येतेच, 'या भाऊ, घेऊन जा, काय द्याचं ते द्या.' अशा वेळी बायको लांब जाऊन उभी राहते, जणू मला ओळखतच नाही.

त्या दिवसांत गिअरबॉक्स गेल्यामुळे आमची जुनी व्हॅन पाच दिवस दारात उभी होती. ही व्हॅन मी हौसेनं घेतलेली नाही. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला सिकलसेल आहे. दुखणं उठलं की तिच्या हाडांत कळा सुरू होतात, आणि मग ती कोणाला हात लावू देत नाही. मोटारसायकलवर प्रत्येक खड्डा तिच्या हाडात जातो. मागच्या सीटवर आडवं करून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेता यावं, एवढ्यासाठी ती गाडी. ते मॉडेल आता बनत नाही, त्यामुळे नवा गिअरबॉक्स कुठे मिळेना. शेवटी गावच्या मिस्त्रीनं पत्ता काढला. ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये एक बाई नवऱ्याची तसलीच व्हॅन खोलून, एकेक पार्ट विकत होती. मी मित्राची मोटारसायकल घेतली आणि सकाळीच निघालो.

गिअरबॉक्स अंगणात पोत्यावर ठेवला होता. कण्हेरीच्या पानांवर राखेचा थर, आणि उघड्या दारातून आतली दोरीनं बांधलेली खोकी दिसत होती. क्वार्टर सोडायचं असणार, म्हणजे बाईलाही घाई आहे, हे मी पहिल्या नजरेतच टिपलं. मला बरं वाटलं. माणूस भाव करायला बसला की असाच होतो.

"फोनवर सांगतलं होतं ना भाऊ, नऊ हजार," ती म्हणाली. चाळिशीची, किडकिडीत बाई.

मी उकिडवा बसून शाफ्ट हातानं फिरवला. लोण्यासारखा फिरला. तळाचं ऑइल दोन बोटांत चोळलं. दाते झिजले असले की त्यात लोखंडाचा बारीक चुरा लागतो. चुरा नव्हता. मनातून मी हरखलो, आणि तोंड मी आणखी कडू केलं.

"हा आवाज करन, बाई. दाते गेले याचे. पाच हजार देतो."

"नऊ."

"साडेपाच. भंगारवाला तीनाच्या वर देनार नाई."

"नऊ हजार, भाऊ."

ती भांडेना. भांडणारा माणूस मला परवडतो. न भांडणाऱ्यापुढे काय करायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

"तिच्या पोटऱ्या दुखून राह्यल्या. पानी पाजून राह्यली, शेकून राह्यली, पन मागच्या टायमासारखंच सुरू झालं. गावातल्या दोन्ही गाड्या लग्नाले गेल्या. भेटला का तो गिअरबॉक्स?"

मागे लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. आणि तशा वेळी मी त्या बाईकडे पाहत फोनमध्ये मोठ्यानं म्हणालो, "सहा हजारात देता? भद्रावतीत? मंग थांबा, तिकडंच येतो."

"काय बोलून राह्यले तुमी?" बायको म्हणाली. मी फोन कापला.

मग उठलो आणि चालू लागलो. फाटक, नाली, मोटारसायकल. दहा पावलं झाली. हाक आली नाही. मी सीट पुसली. हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. वळून पाहिलं तर ती पायरीवर उभी, पदराचं टोक दातांत घट्ट धरलेलं, डोळे माझ्यावर. बोलायचं आहे आणि बोलत नाही. एवढा माज कशाचा, असं वाटून मी आतल्या आत पेटलो. पण कानात लेकीचं कण्हणं होतं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. माझ्याजवळ होती ती जास्तीची अक्कल फाटकाबाहेर ठेवून मी परत आलो.

"काऊन भाऊ, भद्रावतीले जाऊन राह्यले होते ना?"

"भद्रावतीत कोनी नाई, बाई. घरून फोन होता. पोरीले सिकलसेल हाये. आज दुखनं उठलं. गाडी बंद हाये."

"पोरगी तिकडं रडत होती, आन् तुमी इथी भाव करत होते?"

चूक दाखवली की मी उलटा चढतो, तसाच चढलो. "तुमालेही तं विकाचाच हाये. सामान बांधून ठेवलं हाये. एक आवाज द्याचा होता."

"निघाल्या मानसाले मी मागून आवाज देत नाई, भाऊ. एकदा देल्ला होता. आमचे हे ड्युटीवर निघाले होते, डब्बा राह्यला होता. परत आले, डब्बा घेतला, मंग गेले. मी बोलावलं नसतं तं वळनावर तो कोळशाचा ट्रक भेटला नसता."

मी नऊ हजार मोजून दिले. तिनं एक रुपया सोडला नाही. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं सोडेल, आणि सोडला नाही म्हणून रागही आला. त्या रागाची लाज नंतर वाटली.

लेक त्या रात्री दवाखान्यात सलाईन लावून शांत झोपली, हे आधीच सांगून टाकतो. बायकोनं 'ते सहा हजार कशाचे होते' म्हणून विचारलं, तेही मी सांगितलं. ती लेकीच्या पोटऱ्यांवरून हात फिरवत राहिली.

पण निघतानाचं सांगायचं राहिलं. शेजारच्या माणसानं हात लावला, आम्ही गिअरबॉक्स ट्यूबनं कॅरिअरवर आवळून बांधला आणि मी घाईनं सुटलो. क्वार्टरांच्या ओळीला लांबचा वळसा घालून रस्ता मुख्य सडकेला लागतो. त्या वळणावर ती बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, धाप लागलेली. मागच्या बोळातून धावत येऊन तिनं मला पुढून गाठलं होतं. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. गिअरबॉक्स बसवायचे बोल्ट आणि पट्ट्या त्यात होत्या. गिअरबॉक्सबरोबर तिनं दिलेली ती पिशवी मी पायरीवरच विसरलो होतो. ते बोल्ट नसते तर त्या दिवशी गिअरबॉक्स चढलाच नसता.

पायरीपासून फाटक दहा पावलांवर होतं. तिनं नुसतं 'भाऊ' म्हटलं असतं तरी मी तिथंच थांबलो असतो.

पिशवी माझ्या हातात देऊन ती बाजूला झाली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "जा आता."