वीतवाल्या बाई

माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षं दुसरीच्या पोरांना मोजायला शिकवते. पालक तिला पाठीमागे ‘वीतवाल्या बाई’ म्हणतात. म्हणोत बापडे! मी सुतार माणूस, मापावरच पोट भरतो, आणि तिच्यासारखं माप शिकवणारं दुसरं कुणी दाखवा म्हणतो.

तिच्या वर्गात पहिले दोन महिने पट्टीला हात लावायचा नाही. टेबल वितीने मोजायचं. पोरांच्या नऊ विती भरतात, बाईंच्या सहाच, की झाली भांडणं सुरू. मग पोरंच कंटाळून म्हणतात, "बाई, सगळ्यांना एकच माप द्या ना!" तेव्हा कुठे पट्टी हातात येते. जड-हलक्याचंही तेच. एका हातात कापसाची भलीमोठी पिशवी, दुसऱ्या हातात माझ्याकडून नेलेले मूठभर खिळे. मोठं ते जड, हे खूळ तिथल्या तिथे उतरतं.

यंदा एका पोराच्या बापाने मोठ्या बाईंकडे तक्रार केली. शाळेत खेळच चाललाय म्हणे! मोठ्या बाईंनी ठरवलं, शनिवारी पालकांसमोर पोरांनी मोजून दाखवायचं. जमलं नाही, तर वर्ग दुसऱ्या बाईंना आणि माझी बहीण ऑफिसात कागद लावायला. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. "दादा, पोरांशिवाय मी काय करू रे?" एवढंच म्हणायची.

तिने माझ्याकडून बरोबर एक मीटरची फळी मागितली होती, मीटर केवढा असतो ते पोरांना दिसावं म्हणून. शनिवारी सकाळी मी ती वर्गाच्या भिंतीवर ठोकली आणि बघायला तिथेच थांबलो. वर झोकात ‘१ मीटर’ रंगवलेलं.

तक्रारवाल्या बापाने नेमकं तिच्याकडेच बोट दाखवलं. "ती मोजायला सांगा." दोन वेण्यांची एक पोरगी पट्टी घेऊन स्टुलावर चढली. पट्टी ठेवली, पेन्सिलीची खूण केली, खुणेवर शून्य टेकवलं, पुन्हा ठेवली. "तीस, साठ, नव्वद. संपली."

"अहो, समोर मीटर लिहिलंय!" बाप खो खो हसला. इतर पालकही हसले. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला, पण ती एवढंच म्हणाली, "पुन्हा मोज, बाळा."

पुन्हा नव्वद. "बाई, फळीच आखूड आहे."

माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं फळ्या कापतोय मी! खिशातला टेप काढला, फळीला लावला आणि ओरडलो, "हे बघ, शंभर!"

पोरीने शंभराकडे पाहिलंच नाही. ती दुसऱ्या टोकाला गेली. "काका, तुमचा टेप दहापासून सुरू होतोय."

मी वाकून पाहिलं, खरंच दहा! टेपचं टोक महिन्यापूर्वी तुटलं होतं. तेव्हापासून मी दहावर धरून मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. ही फळी कापताना वजा करायचंच विसरलो होतो. तुटका टेप वापरणाऱ्या सुताराला असा फटका कधी ना कधी बसतोच, पण मला तो भर वर्गात बसला.

दुसरीकडे कुठे असतो तर? आकड्यावर बोट ठेवून मी नक्कीच रेटून नेलं असतं. पण समोर बहीण उभी होती. मी पालकांकडे वळून म्हणालो, "चूक माझी आहे. पोरगी बरोबर आहे. फळी नव्वदच आहे."

तक्रारवाल्या बापाने येऊन टेपचं टोक स्वतः चाचपून पाहिलं, मग खाली बसला. मोठ्या बाई माझ्या बहिणीला म्हणाल्या, "वर्ग तुमचाच. आणि तुमच्या भावालाही दोन दिवस बसवा."

बहीण हसता हसता रडायला लागली. आणि मी? माझी ही फजिती मी गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना, रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलोय. बायको म्हणते, लाज कशी वाटत नाही? कशाला वाटेल! माझी चूक माझ्या बहिणीच्या वर्गातल्या सात वर्षांच्या पोरीने पकडलीय.