देवाच्या डोहावर गळाची शर्यत

मासा मारायचा नाही, फक्त गळाने पकडायचा, काट्यावर तोलायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, हे मला पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. ऐकवणारा माझा धाकटा दीर. मला वाटलं, थट्टा करतोय.

"मंग पकडायचा काहून?" मी विचारलं.

"शर्यत हाये वैनी. ज्याच्या माशायचं वजन जास्त, तो जिंकला."

"अन् खायचा नाई?"

"नाई. साहेब म्हनते, हा खेळ हाये."

मी कपाळाला हात लावला, पीठ लागलेलाच. खायला मासा धरणारे भोई मला कळतात. त्यांचं पोट आहे त्यावर. पण पोट भरलेल्या माणसाने मजा म्हणून दुसऱ्याच्या तोंडात लोखंडाचा आकडा अडकवायचा, आणि वर 'सोडून दिला' म्हणून पुण्य मिरवायचं, हे तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही आणि आज केस पांढरे झाले तरी शिरत नाही.

तो काळच तसला होता. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई लागली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्या-अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागल्या. जे लोक कालपर्यंत उपरणं झटकून जमिनीवर बसायचे, त्यांना बसायला गादी लागू लागली. आमचा दीर घरचा कापूस घेऊन अमरावतीला जायचा. तिथल्या एका गोऱ्या खरेदीदाराशी त्याची ओळख झाली आणि फाल्गुनाच्या उन्हात गडी काळा कोट घालून घरी आला. घामाने चिंब, पण बटण काढेना. सासूबाई म्हणाल्या, "आजारी हायेस काय रे?"

तर हा साहेब कापसाचा हंगाम संपल्यावर आमच्या गावी मुक्कामाला येणार होता. चार गावचे कापूसवाले गोळा होणार, डोहावर गळ टाकणार, आणि जिंकणाऱ्याला साहेब चांदीच्या मुठीची काठी देणार. आता डोह म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाहीतर मी एवढी का पेटले ते कळायचं नाही.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. कुठेही विहीर खणा, पाणी खारट. डाळ शिजत नाही आणि तहानही भागत नाही. गोडं पाणी एकाच ठिकाणी, महादेवाच्या देवळाखाली नदीच्या डोहात. उन्हाळ्यात नदी आटली तरी हा डोह राहायचा. त्यातले मासे देवाचे. भोईसुद्धा खाली दूर जाळं टाकायचे, डोहाला हात लावायचे नाहीत. पाण्याला येणारी प्रत्येक बाई पदरात भाकरीचा तुकडा आणायची. पायरीवर बसून तळहाताने पाण्यावर थाप मारली की मासे वर यायचे आणि हातातून तुकडा न्यायचे. चावायचे नाहीत, नुसतं ओढायचे.

आणि गावात नवी नवरी आली की तिची पहिली घागर या डोहावर. तिने थाप मारायची, तुकडा धरायचा. माशाने तुकडा नेला की ती गावची झाली, मग तिने घागर भरायची. माझ्या वेळी मी भीतीने डोळे मिटून घेतले होते. उघडले तर शेपटीला खाच असलेली एक मोठी मासोळी माझा तुकडा नेत होती, आणि काठावरच्या बायका हसल्या. परक्या घरात माझ्यासाठी कोणी खुशीने हसल्याचं ते पहिलंच. त्या मासोळीला मी म्हातारी म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षं ती माझ्या हातचं खायची.

आणि आमच्या या कोटवाल्या दिराचं लग्न येत्या वैशाखात ठरलेलं होतं. शर्यत चैत्रात.

"अरे, महिन्याभरात तुही बायको त्या पायरीवर बसन," मी म्हटलं. "मासे बिथरले तं तिचा तुकडा कोन नेईन? बायका तिले काय म्हनतीन, माहीत हाये ना?"

"वैनी, तुमी उगाच कायजी करून राहिल्या. मासे तिथंच राह्यनार हायेत. सोडून देनार हावो ना!"

हे 'सोडून देणार' एवढं गोड होतं की सगळं गाव त्यावर विरघळलं. देवळातला गुरव म्हणाला, जीव जात नाही तर पाप कसलं? मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान डोलावली. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, तर धाकट्या भावापुढे मूग गिळून बसणारेच. मी एकेकाला विचारत फिरले, की बाबा, तुझ्या टाळूतून आकडा घालून तुला झाडाला टांगला आणि मग घरी जा म्हटलं, तर तू जेवायला बसशील का? लोक हसले. बाईमाणूस आहे, मासोळ्यांवर जीव आहे, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शर्यतीच्या सकाळी आम्हा बायकांना पाणीच भरू दिलं नाही. दुपारनंतर या, म्हणे. आम्ही रिकाम्या घागरी घेऊन देवळामागच्या कडुलिंबाखाली बसलो. खाली साहेब खुर्चीवर बसलेला. त्याच्या गळाच्या काठीला चाक, चाकाला दोरा, आणि गळाला रंगीत पिसं बांधलेली. आमच्या माशांनी पिसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

पण आमचा दीर! त्याने गळाला भाकर लावली. पायरीवर बसला आणि तळहाताने पाण्यावर थाप मारली, अगदी आम्ही मारतो तशी. त्याच्या आईची थाप ती, लहानपणी तिच्याच मांडीवर बसून शिकलेला. आणि मासे आले. का नाही येणार? त्यांना आयुष्यभर त्या आवाजाने भाकरच दिली होती. बाकीच्यांनी ते पाहिलं आणि तेही थापा मारू लागले. साहेबानेही पिसं सोडून भाकर मागितली. मेल्यांनो, याला शर्यत म्हणता? विश्वासाने दारात आलेल्याची मान धरायची, यात कसली आली मर्दुमकी!

मासा वर आला की त्याला तापलेल्या दगडावर आपटत आणायचे, पाय ठेवून गळ उपटायचे. गळ निघायचा, सोबत ओठ निघायचा. मग तोलायच्या वेळेपर्यंत जिवंत राहावा म्हणून कापसाच्या पोत्यात घालून पोतं काठच्या उथळ पाण्यात ठेवायचे. ते पाणी उन्हाने कोमट झालेलं. एकेका पोत्यात मासे एकमेकांवर दाबलेले, खवले निघालेले. पोती हलायची. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "माय वो, पाहवत नाई," आणि तिने पाठ फिरवली.

म्हातारीही आली. दिराच्याच गळाला. शेपटीची खाच मी कडुलिंबाखालूनही ओळखली.

मग तोलायची वेळ झाली. तीन बांबू उभे करून कापसाचा काटा टांगला होता. आमचा दीर पोत्याजवळ साहेबाकडे पाठ करून ओणवा झाला. बराच वेळ त्याचा अंगठा काहीतरी आत दाबत होता. मला कळायला क्षणही लागला नाही. कापसाचे बोजे बांधताना घराघरांत हेच चाललेलं मी पाहत होते. वरून पाण्याचा शिपका, मधे मूठभर रेती, कोपऱ्यात सरकी. वजन वाढवायचं म्हटलं की हात आपोआप तिकडे वळायचे. आता मासा तोलायचा, तर माशात काय घालायचं? नदीचे गोटे! माशाचा जबडा फाकवून गोटे घशाखाली ढकलत होता तो. आणि नीट पाहिलं तर तो एकटा नव्हता. जो तो आपल्या पोत्यावर वाकलेला होता.

"अरे, गोटे घालून राह्यले!" मी ओरडले. "साहेबाले दाखवा कोनी!"

आमच्या घरच्यांनी खालून डोळे वटारले. साहेबाने काय झालं म्हणून विचारलं. कोणीतरी सांगितलं, बाईला ऊन लागलं. आणि तो साहेब! कापसाच्या बोज्यात खांद्यापर्यंत हात घालून ओल तपासणारा माणूस. माशाच्या तोंडात बोट घालावं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

दीर जिंकला. काठी मिळाली. पोती डोहात उलटी केली, आणि मासे सरळ खाली गेले.

"पाह्यलं?" मासे पळाले म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. "कसे पयाले!"

"पयाले नाई," मी म्हटलं. "बुडाले."

पण टाळ्यांत कोण ऐकतो.

दोन दिवसांनी ते वर येऊ लागले. पोटं फुगलेली, डोळे पांढरे. जे वर आले नाहीत ते तळाशीच कुजले. पाण्याला असा वास सुटला की घागर बुडवताना नाकाला पदर लावावा लागायचा. सगळं गाव खाऱ्या विहिरीवर आलं. चहूकडे तोंडं वाकडी, आणि तरी एकाच्या तोंडून खरं निघेल तर शपथ. उन्हाने मेले, म्हणाले. महादेवाची मर्जी, म्हणाला गुरव. साहेबाने तर निरोप धाडला, की आपण सगळे जिवंत सोडले, पुढच्या वर्षी पुन्हा करू. दीर नव्या काठीने मेलेले मासे काठाकडे लोटत होता. चांदीची मूठ हातात, आणि टोकाला ते फुगलेलं.

"गोट्यानं मेले ते," मी त्याला म्हटलं. "तुले ठाऊक हाये."

"गप राहा ना वैनी. लगन तोंडावर हाये."

लग्न तोंडावर होतं म्हणूनच तर मी बोलत होते! वास हळूहळू गेला, पाणी निवळलं, पण मासे वर येईनात. काही तर वाचले होते. खोल पाण्यात कधी कधी पाठ दिसायची. मी रोज जायचे, थाप मारायचे, तुकडा धरून बसायचे. हात अवघडायचा. भाकर भिजून बोटांतून गळून जायची, आणि ती खायलाही कोणी यायचं नाही. थाप ऐकली की उलट ते आणखी खोल जायचे. मी पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

वैशाखात नवरी आली. सडपातळ पोर, गाडीच्या धुळीने पांढरी झालेली, डोळे मात्र टपोरे. दुसऱ्या दिवशी वाजंत्री लावून तिला डोहावर नेली. उन्हाने पाणी बरंच खाली गेलं होतं, कधी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. बायका काठावर, पुरुष वर देवळापाशी. दीर कोट घालून, काठी टेकून उभा.

मी तिच्या हातात तुकडा दिला. तिने थाप मारली. काही नाही. पुन्हा मारली. वाजंत्री थांबली. तिचा तळहात लाल झाला, तरी ती मारतच राहिली. आपलंच काही चुकतंय असं वाटून दर वेळी माझ्याकडे पाहायची. आणि मागून चुलतसासूबाईंनी सुरू केलं.

"इतक्या सुना आल्या गावात. असं कदी झालं नोयतं. पोरीचा पायच..."

"पायाचं नाव काढू नका," मी वळून म्हटलं. "सांगून ठेवते."

"मंग मासे काहून येत नाईत?"

मी वर दिराकडे पाहिलं. तो नदीपलीकडच्या शेतांकडे पाहत होता, जणू तिथे कोणी त्याला हाक मारत होतं. एवढा संताप मला उभ्या आयुष्यात आला नसेल. मी तोंड उघडणार, तोच नवरी उठली. तुकडा पाण्याच्या आणखी जवळ न्यावा म्हणून ती बिचारी शेवटच्या ओल्या पायरीवर उतरली, आणि तिथेच थबकली.

पायरीच्या खोबणीत माशाचा सांगाडा पडला होता. मोठा, माझ्या हाताएवढा. मांस सगळं गेलेलं, नुसत्या फासळ्या. आणि फासळ्यांच्या आत, पोट असतं तिथे, गुळगुळीत गोट्यांचा ढीग. कोंबडीच्या अंड्याएवढे. एकही बाहेर सांडलेला नाही.

तिने एक गोटा उचलला. उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, नव्या गावची रीत विचारावी तसं विचारलं,

"बाई, इथले मासे गोटे खातेत का जी?"

चुलतसासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्याही मुलाचं पोतं त्या दिवशी तिथे होतं.

वरून पावलं वाजली. दीर पायऱ्या उतरत आला. काठी त्याने देवळापाशीच टाकली होती. तो तिच्या शेजारी त्या ओल्या पायरीवर, कोटासकट, गुडघ्यांवर बसला आणि सांगाड्याकडे पाहत राहिला. शेपटीच्या हाडाला काही खाच दिसते का, ते मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

"खात नाईत," तो म्हणाला. आवाज वरपर्यंत जाईल एवढा मोठा होता. "मीनं चारले."

मग त्याने पायरीवर ठेवलेली तिची रिकामी घागर घेतली, स्वतः पाण्यात बुडवून भरली, आणि सगळ्या गावादेखत आपल्या खांद्यावर ठेवली. आमच्या गावात पुरुषाने पाण्याची घागर उचललेली त्याआधी कोणी पाहिली नव्हती. नवरी हातात तो भिजलेला तुकडा तसाच धरून त्याच्या मागे चढत गेली.