पेपर नॅपकिन कोण आणणार

मूल झालं की घरात दोन गोष्टी साचत जातात, लंगोट आणि किस्से. लंगोट मशीनला लावता येतात. किस्से तसेच राहतात, वास मारत. म्हणून आज सांगूनच टाकते. मुलुंडला आमच्या सोसायटीत आई-बाळांचा एक ग्रुप आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये जमतो. हे सगळे तिथलेच.

*

पहिला किस्सा ग्रुपमध्ये जाण्याचा नाही, न जाण्याचा आहे.

ओवी तीन-चार महिन्यांची होती तेव्हा कुरिअरवाला आला तरी मला पाहुणा आल्यासारखं वाटायचं. संदीप, म्हणजे माझा नवरा, सकाळी जायचा तो रात्री जेवायच्या वेळेला यायचा. सासूबाई विक्रोळीला, त्या शनिवार-रविवारी यायच्या. बाकी दिवस मोठ्या माणसाशी बोलणं म्हणजे फोनवर लोन विकणाऱ्या पोरींशी. एकीला तर मी तिचं गाव विचारलं. तिनेच फोन ठेवला.

मला एक मैत्रीण हवी होती. साधी, पोरीच्या शीचा रंग सांगता येईल अशी. त्यात लाजायचं काय?

पण लाज वाटायची. ओवीला तयार करायचं, बॅग भरायची, लिफ्टनं खाली यायचं. क्लबहाऊसला काचेचं दार. आत रंगीत मॅटवर पाच-सहा बायका, सगळ्यांचे केस धुतलेले. माझ्या खांद्यावर ओकारी. मी ओवीला म्हणायचे, "अगं, तुझी टोपी राहिली," आणि पुन्हा वर. असं बरेच दिवस चाललं. शेवटी वॉचमन म्हणाला, "मॅडम, बच्ची को लिफ्ट बहुत पसंद है क्या?"

त्या दिवशी आत गेले. आत्मविश्वास-बित्मविश्वास काही नाही. वॉचमनच्या देखत परत वर जाता येईना, एवढंच.

*

ग्रुपची सर्वेसर्वा केतकी. रेयांशची आई. मी बसायच्या आत तिने विचारलं, "नॉर्मल की सिझर?"

"सिझर."

"ओह. फीड तरी करतेस ना?"

"करते, पण पुरत नाही. वरचं दूधही देते."

केतकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नो जजमेंट हां. इथे सेफ स्पेस आहे आपली." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "वरच्या दुधानं इम्युनिटीची वाट लागते, इतकंच."

माझं नाव कुणी विचारलं नाही. मी 'ओवीची मम्मा' झाले, आणि व्हॉट्सॲपवर 'ओवी मॉम ७०४'. तरी रात्री संदीपला सांगितलं, "झकास आहे रे ग्रुप." भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात ना, तशी गत होती माझी.

*

ग्रुपमध्ये दर वेळी कुणाचं तरी बाळ काहीतरी नवीन करायचं. रेयांश पंख्याकडे बघून "वा" म्हणाला, तर केतकी म्हणाली, "वॉटर म्हणतोय, इंग्लिश पटकन पिकअप करतो." आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ओवी मात्र पालथी पडेना. उताणी पडून छताकडे बघत हसायची.

"शांत आहे गं तुझी," केतकी म्हणाली. "डॉक्टरना दाखवलंस?"

घरी येऊन मी दुपारभर त्या बिचारीला या कुशीवरून त्या कुशीवर ढकलत बसले. रात्री रडले. शनिवारी सासूबाई भाजी निवडत होत्या, ओवी शेजारी चटईवर होती, आणि पडली की पालथी! मी स्वयंपाकघरातून किंचाळत आले.

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "मग काय, लग्नातपण उताणीच असणार होती?"

*

मग केतकी एका रविवारी घरी आली. रेयांशची बाटली माझ्या बॅगेत आली होती, ती घ्यायला. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या थबकली. "अय्या, बुद्धा! सेम टू सेम! आमच्याकडे पण आहे, शू रॅकच्या वर. इंटीरियरवालीनं ठेवायला सांगितला, पीसफुल वाटतं ना. तुम्ही कुठून घेतला?"

सासूबाई दिव्यात तेल घालत होत्या. "शोभेचा नाही तो," त्या म्हणाल्या. "आम्ही बौद्ध आहोत. रोज वंदना करतो."

केतकी म्हणाली, "अच्छा." मग म्हणाली, "छान." मग पुन्हा, "नाही, छानच." मी चहा ठेवला होता. तिला एकदम आठवलं की रेयांशची झोपायची वेळ झाली.

बाटली नेली. ती घरी गेल्यावर उकळली की फेकली, ते मला माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी रेयांशकडे नवीन होती.

*

महिन्यातून एकदा सगळ्या घरून काहीतरी करून आणायच्या. मला आनंद झाला. सासूबाईंनी नाचणीची बिस्किटं करून दिली, गुळातली, बाळांना चोखता येतील अशी. मी डबा मधोमध ठेवला. सगळ्यांचे डबे फिरले, माझा जिथे ठेवला तिथेच राहिला.

"रेयांशला बाहेरचं देत नाही मी," केतकी म्हणाली. तेव्हा रेयांशच्या हातात दुसऱ्या एका आईच्या घरचा रव्याचा लाडू होता.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर कोण काय आणणार ते ठरलं. ढोकळा, उपमा, खीर. माझ्या नावापुढे केतकीनं लिहिलं, पेपर नॅपकिन. त्याच्या पुढच्या महिन्यातही पेपर नॅपकिन. मी लिहिलं, "मी थालीपीठ आणू का?" तर उत्तर आलं, "अगं, तू कशाला त्रास घेतेस! छोटं बाळ आहे तुझं." पुढे हृदय. जशी बाकीच्यांची बाळं कॉलेजला होती!

"नको जाऊस ना मग," संदीप म्हणाला.

"आणि कुठे जाऊ? तू सांग. लिफ्टमध्ये?"

मी नॅपकिन घेऊन जात राहिले. बाकीच्या वाईट नव्हत्या हो. मला एकटीला गाठून हसायच्या, बोलायच्या. केतकी आली की मोबाईल बघायच्या. राग त्यांचाच जास्त यायचा मला.

*

जानेवारीत ग्रुपनं सगळ्या बाळांचं एकत्र बोरन्हाण ठरवलं. काळे कपडे, हलव्याचे दागिने, फुग्यांची कमान. मला काय आणायला सांगितलं ते सांगायची गरज नाही.

मी जाणार नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यात करत नाहीत. पण तू जा. पोरीला बोरं बघून मजा वाटेल. आणि हा डबा ने, तिला भूक लागली तर." डब्यात नाचणीची बिस्किटं.

बाळांना गोल बसवलं. औक्षण झालं. डोक्यावरून बोरं, कुरमुरे, गोळ्या ओतल्या. निम्मी बाळं भोकाड पसरून रडायला लागली, आया व्हिडिओ काढत होत्या. ओवी एवढ्या गोंधळात घाबरली, म्हणून मी तिला बाजूला घेतलं आणि एक बिस्कीट हातात दिलं. ती निवांत चोखत बसली.

तेवढ्यात रेयांश रांगायला लागला. बोरं चिरडत, कुरमुरे उडवत, गळ्यात हलव्याचा हार, सरळ आमच्याकडे. केतकी मोबाईल धरून मागे. "बघा बघा, फ्रेंडकडे चाललाय!"

रेयांशनं ओवीच्या तोंडातलं बिस्कीट ओढून काढलं आणि स्वतःच्या तोंडात घातलं.

"रेयांश, छी! थुंक ते!" केतकी ओरडली. बोट घालून काढायला गेली, त्यानं तोंड घट्ट मिटलं. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. आवाज एकदम खाली आला. "अगं, उष्टं आहे म्हणून म्हटलं. दुसरं काही नाही."

"हो ना," मी म्हटलं.

रेयांशनं चोखून चोखून बिस्कीट संपवलं. मग माझ्या मांडीला धरून उभा राहिला आणि उघड्या डब्यात हात घालून दुसरं घेतलं. हनुवटीवरून नाचणीची लाळ गळत होती, हलव्याचा हार तपकिरी झाला होता. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी पिशवीतून नॅपकिनचं नवीन पाकीट काढलं, फोडलं आणि केतकीपुढे धरलं.

"घे," मी म्हटलं. "मी आणलेत."